बंद खोलीचा पंचनामा

शाळेतल्या सात नंबरच्या खोलीला मी हात लावायला नको होता, असं आता सगळेच म्हणतात. शेजारचे पंजाबराव काका म्हणतात, बायको म्हणते, शाळेचा शिपाई धनसिंग तर तोंडावर म्हणतो. माझं म्हणणं एवढंच की मी हात लावला नाही, मला तो लावायला लावला. तोही बारा-तेरा वर्षांच्या पोट्ट्यांनी, आणि एका परिपत्रकाच्या जोरावर.

मी गावंडे. आमच्या तालुक्याच्या गावात नगर परिषदेची मराठी शाळा आहे, पहिली ते सातवी. तिथं मी शिक्षक, आणि गेली चार वर्षं प्रभारी मुख्याध्यापक. प्रभारी म्हणजे काय ते ज्याला नोकरीत कळलं, त्याला जगात आणखी काही कळून घ्यायची गरज राहत नाही. कामं सगळी मुख्याध्यापकाची, शिव्या मुख्याध्यापकाच्या, खुर्चीही मुख्याध्यापकाची (तिचा एक हात निखळलेला, त्यामुळे एकाच बाजूला रेलता येतं), पगार मात्र शिक्षकाचा. पण माझी तक्रार नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझं नाव एकाही चौकशीत, एकाही नोटिशीत आलेलं नाही. सेवापुस्तक कोरं करकरीत. वरच्या ऑफिसात कोणाला आपला चेहरासुद्धा आठवू नये अशा बेतानं नोकरी करावी, हे माझं तत्त्व, आणि ते मी जिवापाड सांभाळलं होतं.

तर जानेवारीत मोबाइलवर परिपत्रक आलं. जिल्हास्तरीय विद्यार्थी संशोधन प्रकल्प. विषय, ‘माझी शाळा: समस्या आणि धोरणात्मक उपाय’. विद्यार्थ्यांनी स्वतः शोध घ्यायचा, लोकांना भेटायचं, नोंदी करायच्या आणि शासनानं काय करावं ते सुचवायचं. म्हणजे ज्या गोष्टी आम्हाला सव्वीस वर्षांत सुचवायची छाती झाली नाही, त्या पोरांनी सुचवायच्या. असो. मी सातवीच्या वर्गात वाचून दाखवलं.

“सर, धोरण म्हंजे काय?” रजतनं विचारलं.

“वरून येते ते,” मी म्हणालो. याहून नेमकी व्याख्या मला आजही येत नाही.

मी विषयही सुचवून ठेवला होता, पाण्याची बचत. पाणी ही फार सभ्य समस्या आहे. तिच्यात कोणाची सही नसते. चित्रं काढता येतात, घोषणा देता येतात, बक्षीसही बहुतेक तिलाच मिळतं. पण तीन दिवसांनी रुबीना, राखी आणि रजत असे तिघं माझ्या टेबलापाशी आले.

“सर, समस्या भेटली,” रुबीना म्हणाली.

“शाब्बास. पाणी ना?”

“नाही जी. सात नंबरची खोली.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं, आणि ते का ठेवलं हे समजायला खोलीबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्या शाळेला खोल्या सात. सगळ्यात मोठी, सगळ्यात पक्की, स्लॅबची खोली ती सातवी. आणि सातवीचा वर्ग बसतो वऱ्हांड्यात. हिवाळ्यात पोरं हात काखेत घालून शुद्धलेखन लिहितात. मार्केट यार्डात कापसाच्या गाड्या चालल्या की रस्त्यावरून उडालेला कापूस भूगोलाच्या पुस्तकावर येऊन बसतो. एप्रिलमध्ये तर पाटीही चटका देते. आणि हे सगळं चालू असताना पाठीमागं ती खोली अकरा वर्षांपासून कुलूपबंद.

कुलूप लावलं ठोकळ सरांनी. ते मुख्याध्यापक असताना निवृत्त झाले, खोलीला कुलूप घातलं, आत काय काय आहे त्याची यादी जडवस्तू नोंदवहीत लिहिली, आणि चार्ज देण्याआधीच देवाघरी गेले. आता चार्ज न घेता खोली उघडायची तर जो उघडेल त्याच्या डोक्यावर आतलं सगळं. यादीत चाळीस बेंच, दोन लोखंडी कपाटं, एक बाजाची पेटी, एक पृथ्वीचा गोल आणि अकरा नकाशे. एक नकाशा जरी कमी भरला तरी जबाब द्यायचा उघडणाऱ्यानं. ठोकळ सरांनंतर तीन मुख्याध्यापक आले नि गेले, चौथा मी. चौघांनीही त्या दाराकडं कधी मान वळवून पाहिलं नाही. दारावर कोळ्यांनी जाळी विणली, आम्ही ती जाळीसुद्धा काढली नाही. काढणाऱ्यालाच कोणी विचारलं असतं, काहून हात लावला म्हणून.

“खोलीत काय समस्या आहे? खोली चांगली आहे,” मी म्हणालो.

“तेच तं म्हणतो सर,” राखी म्हणाली. “चांगली हाय तं बंद काहून हाय?”

ही राखी लखीरामची पोरगी. तो गावाबाहेरच्या तांड्यावर राहतो, थोडी शेती करतो. रजत आपला मागं उभा राहून मान हलवणाऱ्यातला. पण खरी पुढारी रुबीना. तिचे वडील मन्सूरभाई, बसस्टँडजवळ त्यांचं मोटारसायकलींचं गॅरेज. गाडी किती वाजता आली, किती वाजता गेली, हे गॅरेजात पाटीवर लिहितात, तीच सवय या पोरीला. तिनं प्रकल्पासाठी दोनशे पानी वही केली आणि प्रत्येक नोंदीला वेळ टाकली. पहिल्याच पानावर मी वाचलं, ‘सकाळी १०.३० शाळा भरली. १०.५२ मुख्याध्यापक सर आले.’ मी तिला समजावून सांगितलं की संशोधन खोलीचं आहे, माझं नाही. ती म्हणाली, “हो जी,” आणि खाली लिहिलं, ‘१.१५ सरनी समजावून सांगितलं.’

मग तपास सुरू झाला. पोरं नगर परिषदेत गेली. शिक्षण विभागानं बांधकामाकडं पाठवलं, बांधकामानं भांडाराकडं, आणि भांडारवाला साहेब लग्नाला फुलसावंगीला गेलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी नगर परिषदेतून मला फोन आला.

“गावंडे सर, तुमचे पोट्टे आमच्या टेबलापाशी वही घेऊन उभे हायेत. साहेब किती वाजता येते ते लिहून राह्यले. हे काय लावलं?”

“प्रकल्प आहे,” मी म्हणालो.

“मंग झाडं लावा ना बाप्पा! झाडायचा प्रकल्प करा!”

नोकरीत पहिल्यांदाच माझं नाव कोणीतरी मोठ्या आवाजात घेतलं होतं. मी घरी येऊन अॅसिडिटीची गोळी घेतली.

एरवी हे सगळं तिथंच थांबलं असतं. मी पोरांना दटावणार होतो, शब्दही जुळवून ठेवले होते. पण त्याच शनिवारी सुग्राबी शाळेत आल्या. सुग्राबी म्हणजे रुबीनाची आई. डोक्यावरचा पदर सारखा करत दारातच उभ्या राहिल्या.

“सर, एक बात इचारायची होती. आपल्या शाळेत आठवी येऊन राह्यली म्हणते पोरगी. खरं हाय का?”

आता ते पत्र होतं माझ्याकडं. ड्रॉवरमध्ये. स्वतंत्र वर्गखोली दाखवा आणि फेब्रुवारी संपायच्या आत प्रस्ताव द्या, यंदापासून आठवी मिळेल. मी त्यावर ‘खोली उपलब्ध नाही’ असं उत्तर तयार करून ठेवलं होतं. ही पोरं माझ्या ड्रॉवरपर्यंत कशी पोचली देव जाणे. नंतर कळलं, पत्राची नक्कल भांडारवाल्याकडंच होती आणि त्यानं पीडा टाळायला ती पोरांच्या हातात दिली.

“पाहू,” मी म्हणालो.

“पाहा सर. हिच्या अब्बाचं म्हणणं असं, का आठवीले हायवेपार जा लागते. मागच्या साली ट्रकनं दोन पोरायले उडवलं तिथंच. त्यायनं साफ सांगतलं, इथं झाली आठवी तं शिकन, नाही तं फुलसावंगीले मावशीकडे शिलाई शिकायले पाठवतो. माझं मन नाही सर. हिचं डोकं चांगलं हाय. पण त्यायले कोण समजावन? तुमी खोलीचं करा. राखीचंही तसंच हाय, तिच्या भावानं महागावले बोलावलं हाय, लेकरू सांभाळायले.”

त्या गेल्या आणि मी त्या निखळलेल्या खुर्चीत बराच वेळ एका बाजूला रेलून बसलो. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. मी दगड नाही. रुबीनासारखी पोरगी सव्वीस वर्षांत तिसरी होती. पहिल्या दोघींचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

संध्याकाळी पंजाबराव काकांच्या ओट्यावर गेलो. काका तहसीलमधून निवृत्त झालेले अव्वल कारकून. गल्लीत कोणाच्या घरी पाल पडली तरी ते आधी अर्जाचा मसुदा सांगतात. त्यांनी सगळं ऐकलं, अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाले, “पंचनामा कर.”

“म्हणजे?”

“अरे, तू एकटा उघडशील तं तू फसशील. पाच पंच बोलाव. पंचांसमक्ष कुलूप तोड, यादीबरहुकूम माल मोज, पंचांच्या सह्या घे. मंग तू कोण? तू फक्त हजर होता. लिहून मी देतो.”

मला एकदम हलकं वाटलं. खोलीही उघडते, पोरींची आठवीही होते, आणि मी फक्त हजर. मी नगर परिषदेकडून ‘पंचांसमक्ष उघडण्यास हरकत नाही’ असं दोन ओळींचं पत्रही मिळवलं. त्याला सहा चकरा झाल्या, त्या सांगत बसत नाही.

दिवस ठरला, सोमवार. पंच म्हणून काका स्वतः, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मानीबाई, राखीचे वडील लखीराम, कोपऱ्यावरचे किराणावाले कलीमशेठ आणि पालक समितीचे एक सदस्य, जे पंच झाले पण शेवटपर्यंत फोनवर बोलत होते. कुलूप तोडायला मन्सूरभाई कटर घेऊन येणार होते. पोरांना मी वऱ्हांड्यात गप्प बसवलं. रुबीनाच्या मांडीवर वही होती.

मन्सूरभाईंना उशीर झाला. बसल्या बसल्या चहा आला. काकांनी पिशवीतून पंचनामा काढला. आदल्या रात्रीच त्यांनी तो सुंदर अक्षरात लिहून आणला होता. ‘आज रोजी आम्ही खालील पंच समक्ष हजर राहून खोली क्रमांक सातचे कुलूप तोडून आत पाहता, चाळीस बेंच, दोन लोखंडी कपाटे, एक पेटी, एक पृथ्वीचा गोल व अकरा नकाशे सुस्थितीत आढळून आले...’

“काका, अजून उघडली कुठं?” मी म्हणालो.

“अरे, पंचनामा असाच लिहितात. चाळीस वर्षं मी असाच लिहिला. उघडल्यावर धूळ उडते, लोकं इकडंतिकडं होतात, सह्या राहून जातात. यादी आहे ना नोंदवहीत? मंग? काही कमीजास्त निघालं तर खाली टीप टाकू.”

हे आमच्याकडं सगळ्यांनाच माहीत आहे. पंचनामा घटनेच्या आधी होतो, घटना मागून येते. कलीमशेठला दुकानाची घाई होती, त्यांनी सही केली. मानीबाईंच्या चुलीवर खिचडी होती, त्यांनी अंगठा दिला. लखीरामनं “वाचून दाखवा” म्हटलं, काकांनी वाचून दाखवलं, त्यानंही केली. सगळ्यांखाली, ‘समक्ष’ या शब्दापुढं, मी केली.

“आता याची एक प्रत नगर परिषदेत आवक करून आण,” काकांनी धनसिंगला सांगितलं. “शिक्का पडला का काम पक्कं.”

धनसिंग सायकलवर गेला. त्या सायकलला ब्रेक नाही, म्हणून तो नेहमी अर्धा तास लावतो. त्या दिवशी दहा मिनिटांत पोचला. आवकवाली बाई जागेवर होती, शिक्का जागेवर होता, शाई ओली होती. सव्वीस वर्षांत नगर परिषदेत माझं कुठलंही काम एवढं झटपट झालेलं नाही.

मन्सूरभाई आले, कटर फिरला, कुलूप पडलं. दार ढकललं.

खोली रिकामी होती.

रिकामी म्हणजे साफ रिकामी. एक बेंच नाही, कपाट नाही, नकाशांचे खिळेसुद्धा नाहीत. फरशी, चार भिंती, एक लांबलचक काळा फळा आणि वर एक पंखा. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत आलेलं.

आम्ही मोठी माणसं दारातच थिजलो. पण पोरं ओरडत आत घुसली. सातवीची सगळी बावीस पोरं. फरशीवर बसली, लोळली. रजतनं बटण दाबलं आणि पंखा फिरला, अकरा वर्षांनी, करकर करत. राखी म्हणाली, “मायवं! केवढी मोठी हाय!” रुबीना फळ्यापाशी गेली, बाहीनं धूळ पुसली आणि खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘इयत्ता आठवी’. मन्सूरभाई हातात कटर घेऊन ते वाचत उभे राहिले. मग हसून म्हणाले, “चला, आता कायले पाठवायचं फुलसावंगीले.”

ती पंधरा मिनिटं फार चांगली होती. मी पोरांकडं पाहत होतो आणि काका माझ्याकडं पाहत होते.

धनसिंग परत आला, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेला कागद उंच धरून. आत पाहिलं आणि काहीच वाटलं नाही त्याला.

“हे रिकामीच होती जी,” तो म्हणाला. “ठोकळ सर असतानीच सामान गेलतं. बेंच निवडणुकीले नेले, वापस आले नाही. कपाटं कोणत्या तरी ऑफिसात गेली. पेटी गणपतीले गेली. सरनं लाजेकाजे कुलूप लावलं.”

“अबे, मग सांगितलं काहून नाही?”

“मले कोणं इचारलं जी? तुमी यादी वाचून राह्यलते. मले वाटलं, यादीत हाय तं असन.”

अकरा वर्षं आम्ही चार मुख्याध्यापकांनी रिकाम्या खोलीची राखण केली होती. आणि आता पाच पंच आणि मी मिळून, सरकारी शिक्क्यासह, लिहून दिलं होतं की आज सकाळी इथं चाळीस बेंच सुस्थितीत होते. काकांनी टीप टाकायला पेन काढलं. पण कुठं टाकणार? कागद आवक झाला होता.

गुरुवारी शिक्षण विभागाचे विस्तार अधिकारी आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी खोली पाहिली, पंचनामा पाहिला, पुन्हा खोली पाहिली.

“गावंडे, हा कागद म्हणतो बेंच आहेत. खोली म्हणते नाहीत. मी कोणाचं ऐकू?”

“खोलीचं, साहेब.”

“खोलीला आवक क्रमांक आहे का?”

धनसिंगचा तोंडी जबाब चालणार नव्हता. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “हे पाहा, मलाही लांबवायचं नाही. खोली उघडली तेव्हाच रिकामी होती याचा काही लेखी पुरावा द्या. साधं काही. मी आजच फाईल बंद करतो, आठवीचा प्रस्ताव स्वतः सोबत नेतो. नाही तर मग मुद्देमाल गेला असं धरून चौकशी, आणि चौकशी होईपर्यंत खोली सील.”

वऱ्हांड्यातून हात वर झाला. रुबीना.

“सर, माह्या वहीत लिहून हाय. टाइमासहित.”

मला ते पान पाठ होतं. ‘११.१० पंचनाम्यावर सह्या झाल्या. ११.१५ धनसिंगदादा कागद घेऊन गेले. ११.४० अब्बांनी कुलूप कापलं. खोली रिकामी.’ तीन ओळी. त्या तीन ओळींनी खोली सुटत होती, आठवी होत होती, पोरींचं शिक्षण वाचत होतं. आणि त्याच तीन ओळींनी हेही सिद्ध होत होतं, की गावंडे सरांनी न पाहता खोट्या पंचनाम्यावर सही केली. त्याची नोटीस येते. सेवापुस्तकात लाल शाईनं शेरा पडतो. आणि वही दिली नाही तर? सह्या सहा जणांच्या, म्हणून चौकशी अज्ञात इसमाविरुद्ध चालते, वर्षानुवर्षं, कोणाचंही नाव न घेता. सव्वीस वर्षांत हे गणित मी तोंडपाठ केलं होतं.

“कसली वही?” साहेबांनी विचारलं.

“प्रकल्पाची आहे, साहेब,” मी म्हणालो. “पोरांचं लिखाण. अजून तपासायची आहे.”

“मग तपासून पाठवा. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे.” आणि ते गेले.

मी रुबीनाकडून वही मागून घेतली. तिनं लगेच दिली. सरांनी मागितली म्हणजे चांगल्यासाठीच, असा तिचा चेहरा होता.

घरी बायको म्हणाली, “देऊन टाका. एक शेरा पडला तर पडला. निवृत्तीला आठ वर्षं आहेत, तुम्हाला काय कलेक्टर व्हायचं आहे?” पंजाबराव काका म्हणाले, “खबरदार! त्यात माझीही सही आहे. पेन्शनवर येईल.” कलीमशेठ दुकानातून म्हणाले, “सर, मैं तो चाय पीने आया था.” मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, पाहू.

आणि मी खरंच वही तपासली. रोज रात्री जेवण झाल्यावर काढायचो. तिचं शुद्धलेखन दुरुस्त करायचो, वेलांट्या, अनुस्वार. त्या पानाशी आलो की वही मिटायचो. उद्या पाठवू म्हणायचो. मला तेव्हा खरंच वाटत होतं की उद्या पाठवीन.

“सर, वही तपासली का?” रुबीनानं एका सोमवारी विचारलं.

“तपासून राह्यलो.”

पुढच्या सोमवारी पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. नंतर ती विचारेनाशी झाली. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा असतो, यंदा तो मला बारा दिवसांचा वाटला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन माणसं आली, कापड, लाख आणि पितळी शिक्का घेऊन. खोलीला नवं कुलूप लागलं, त्यावर सील. फळ्यावरचं ‘इयत्ता आठवी’ आतच राहिलं. चौकशीच्या कागदावर ‘अज्ञात इसम’ असं लिहून आलं. आठवीचा प्रस्ताव ‘वर्गखोली चौकशीअधीन’ या शेऱ्यासह परत आला. पोरांचा प्रकल्प तरी जाऊ द्यावा म्हणून मी शेवटच्या दिवशी त्यांना विषय बदलून दिला. पाण्याची बचत. रजतनं नळाचं चित्र काढलं, राखीनं घोषणा लिहिल्या, रुबीनानं सांगितलं तेवढं लिहिलं. कुठेही वेळ टाकली नाही. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि गटविकास ऑफिसात माझा सत्कारही झाला. नारळ दिला. तो मी घरी नेला, बायकोनं त्याची चटणी केली नाही. अजून कोठीत आहे.

उन्हाळ्याची सुट्टी संपता संपता सुग्राबी आल्या. सोबत रुबीना. शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे होता. फुलसावंगीची गाडी दुपारी दोनची होती, बाहेर मन्सूरभाई गाडीवर पिशवी बांधत होते. सुग्राबींनी टेबलावर डबा ठेवला.

“काही नाही सर, शेवया हायेत. तुमी पोरीसाठी किती केलं. कुलूप तोडलं, साहेबांपुढे उभे राह्यले. अब नसीब में नहीं था तो तुमी तरी काय करान? हिचे अब्बाही म्हणते, असा सर भेटत नाही.”

मी रुबीनाकडं पाहिलं नाही. नोंदवही उघडली, नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यापाशी पेन थांबलं. मग मी लिहिलं, पुढील वर्ग या शाळेत नसल्याने. दाखला फाडला आणि सुग्राबींच्या हातात दिला.

त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो लेकीपुढं धरला.

“काय लिवलं बेटा?”

रुबीनानं वाचून दाखवलं. सावकाश, एकेक शब्द, मी शिकवलं होतं तसं.

“म्हणजे सरांवर काही नाही ना येत?” सुग्राबींनी काळजीनं विचारलं. “खोलीचं काही लिवलं नाही ना त्यायच्यावर?”

“नाही अम्मी,” रुबीना म्हणाली. “सरचं नाव कुठंच नाही.”

तिनं दाखल्याची घडी घातली, मला वाकून नमस्कार केला आणि आईच्या मागोमाग गेली.